उदबत्ती अडली तिथे

मित्रांनो, मी एक जुनी सबमशीन गन आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. मला उचलणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी संशयाने बघते. तुम्हीही माझ्याकडे तसंच बघावं.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यात, युद्धाच्या धामधुमीत झाला. बंदुका कमी पडत होत्या, म्हणून माझ्या कर्त्याने लाकूड, नक्षी, पॉलिश सगळ्याला फाटा दिला. एक पाइप, वीतभर नळी, जाड स्प्रिंग आणि पुढेमागे सरकणारा लोखंडी ठोकळा, एवढाच माझा संसार. किती झटपट तयार होते म्हणून माझं भारी कौतुक झालं. पण हातातून पडले की माझी गोळी आपोआप सुटायची. मला स्वतःचीच धास्ती वाटे. कर्त्याने ठोकळा अडवायला एक खाच केली, मग दुसरी. शेवटच्या चाचणीत एक काडतूस उडालंच नाही, आतच राहून गेलं. तेवढ्यात माझ्यानंतर घडवलेली माझी शहाणी धाकटी बहीण पसंत पडली आणि मला पेटीत टाकलं. आत कुणी डोकावलंसुद्धा नाही.

पुढे कुणीतरी पेटीवर कागद चिकटवला, 'निकामी केली आहे'. त्या कागदाच्या भरवशावर मी मँचेस्टरच्या एका छोट्या संग्रहालयात आले आणि कपाटात धूळ खात पडले. यंदा पुण्याची देविका तिथे नोकरीला लागली. शाळेतल्या मुलांनी मला हाताळून बघायचं, असा कार्यक्रम तिने ठरवला.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. देविकाचे वडील पद्माकर लेकीकडे आले होते. पुण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बंदुका तपासल्या होत्या. उदबत्त्यांचा पुडा घेऊन ते माझी पूजा करायला आले.

"बाबा, पेटवू नका हं. फायर अलार्म वाजेल," देविका म्हणाली.

"नाही पेटवत. पण पूजेआधी नळी तपासायची, अशी आमची पद्धत होती."

"अहो, पेपरवर्क क्लिअर आहे. माझं प्रोबेशन चालू आहे, मॅनेजर ओरडेल."

"हा कागद लिहिणाऱ्याने आत बघितलं होतं का?"

त्यांनी न पेटवलेली उदबत्ती नळीत सरकवली. ती अडली.

"बघा, नळी बंदच केलीये," देविका म्हणाली.

पद्माकरांनी काडी हलकेच दाबली. "नळी बंद करायला ठोकलेलं बूच हलत नसतं. हे हलतंय. सगळ्यांना बाहेर काढ."

देविकाचा चेहरा पांढराफटक पडला. नोकरी जाईल हे दिसत असूनही तिने मॅनेजरला फोन केला. "कागद मी वाचला, आत मी बघितलं नाही," असं तिने सरळ सांगितलं. पोलिसांच्या जाणकारांनी काडतूस काढलं. ते जिवंत होतं. मॅनेजर ओरडला, पण नोकरी राहिली.

आता माझी नळी खरोखरच बंद आहे. परवा शाळेबरोबर आलेल्या छोट्या अन्वीने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "हा गन सेफ आहे?" देविकाने कागद दाखवला नाही. तिच्या हातात उदबत्ती दिली आणि म्हणाली, "तूच बघ."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा. पण माझ्यावर विश्वास टाकण्याआधी आत डोकावून बघा. मी ऐंशी वर्षं तोंड मिटून बसले होते.