दिसेल तिथंच

मुंगी सतरंजीच्या काठापर्यंत रांगत आली, थांबली, एक हात पुढे टाकून पाहिला, मागे घेतला आणि वळून परत मधोमध जाऊन बसली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

मुंगी म्हणजे अकरा महिन्यांची लेक. खरं नाव कागदावर. घरात मुंगीच, कारण रांगायला लागली तेव्हापासून नाकासमोर सुटायची, वाटेत काय आहे ते बघायची नाही. आणि आता ही अशी काठावर थांबते. तिची आई हे फोनवर बघत होती, औषधाच्या कारखान्यातल्या विश्रांतीच्या खोलीत, भिंतीला टेकून.

कारखान्यात तिचं काम बघण्याचंच. इंजेक्शनची भरलेली बाटली दिव्याखाली धरायची, आधी पांढऱ्या पाटीपुढे, मग काळ्या. आत कण दिसला, केस दिसला, काचेचा कपचा दिसला की बाटली बाजूला. दर तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, असा नियम होता. बाकीच्या जणी खरंच डोळे मिटायच्या. हिचे डोळे फोनवर.

"अगं, डोळ्यांना सुट्टी दिलीये, बदली नाही," शेजारच्या टेबलावरची म्हणायची.

दोन महिन्यांपूर्वी ती कामावर परत रुजू झाली, त्याच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं पुस्तकांच्या कपाटावर कॅमेरा बसवला होता. "मुंगीवर लक्ष राहील, आई," असं तिनंच सासूबाईंना समजावलं होतं.

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या होत्या, "लक्ष ठेवायला मी आहे की. हा नजर ठेवेल."

त्या हसून म्हणाल्या, म्हणून हिनंही हसून घेतलं. शब्दांचा कीस कशाला पाडायचा? लक्ष काय, नजर काय, पोटात काळजी एकच, असं तिला मनापासून वाटत होतं.

पण आज तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. पायात काही दोष असेल? दूरचं दिसत नसेल? दुपारनंतरच्या बाटल्यांत तिनं दोन चांगल्या बाजूला काढल्या आणि पर्यवेक्षकांनी भुवया उंचावल्या.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं पर्स टेकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून वाटीवर चमचा वाजवायला सुरुवात केली. मुंगी खोलीच्या त्या टोकाकडून चेकाळत निघाली. सतरंजीचा काठ आला. थांबली. खालचा ओठ बाहेर आला.

"ये ना गं. ये, आईकडे ये."

मुंगी बसली आणि रडायला लागली.

"काठ टोचत असेल," नवरा बूट काढता काढता म्हणाला. "उगाच राईचा पर्वत करू नकोस."

तिनं उठून सतरंजीच ओढून काढली आणि पुन्हा दारात बसली. खाली नुसती फरशी, गुळगुळीत, एकसारखी. मुंगी निघाली आणि नेमकी त्याच जागी थांबली. तिथं आता काठ नव्हता, काहीच नव्हतं.

मांडीवरच्या फोनवर तीच खोली दिसत होती. घरी असतानाही तिला तो बंद करायचं सुचत नसे. तिनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मुंगीची बोटं चित्राच्या कडेला टेकली होती. त्यापुढे कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

सासूबाई पलीकडे भिंतीशी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आई, हे काय आहे?"

"काय असायचंय? तिला कळतं कुठवर जायचं ते."

"तुम्ही शिकवलंत?"

"मी?" सासूबाईंनी झबल्याची घडी मांडीवर दाबली. "पहिल्या आठवड्यात ती सोफ्यामागे गेली होती, आठवतं? मी शेजारीच होते. तुझा फोन. आई, मुंगी कुठंय? मग दारापाशी गेली, पुन्हा फोन. मी मोरीत गेले, फोन. एका दिवसात सहा. मग मी म्हटलं, मरू दे, दिसेल तिथंच बसावं. ती पुढे निघाली की मी म्हणायचे, ये गं मागे, आईचा फोन येईल. आता मला म्हणावं लागत नाही. त्या जागी आली की तीच फोनकडे बघते."

नवरा एका पायात बूट घेऊन तसाच उभा.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं. "तुम्ही दिवसभर तिथंच?"

"मी सकाळचा चहा सोडलाय. पाणीही जपूनच पिते. म्हणजे सारखं उठायला लागत नाही." त्या सहज म्हणाल्या, जणू दाराला कडी घालते असं सांगावं. "तुझी तक्रार सांगत नाहीये. तू विचारलंस म्हणून."

तिला वाटलं, कुणीतरी आपल्यालाच दिव्याखाली धरलंय. ती उठली, खुर्ची ओढून कपाटापाशी नेली आणि वर चढली.

"काढूनच टाकते."

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"खाली उतर, सांगते. मागच्या आठवड्यात तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती कशी पडली ते तू यात पाहिलंस. उभी राहायला गेली आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून पडली. पाहिलं नसतंस तर घरी येऊन काय विचारलं असतंस?"

ती खुर्चीवरच उभी होती. काय विचारलं असतं ते तिला नीट माहीत होतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात, हेच.

"बोलत नाहीस. बरंच आहे. अगं, तुला माझा भरवसा नाही, मला तुझ्या बोलण्याचा नाही. त्या डबीचा दोघींना आहे. राहू दे ती."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," नवरा पुटपुटला.

"तू बूट काढ आधी," त्याची आई म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: कॅमेरा राहील, पण फोन करायचा नाही. सासूबाई वाटेल तिथं बसतील, वाटेल तेव्हा चहा घेतील, मुंगीला उचलून पार गॅलरीपर्यंत नेतील. दोन-चार दिवसांत पोर विसरेल. "लहान आहे, विसरायला काय वेळ लागतो," नवरा म्हणाला आणि तिनं त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या विश्रांतीत तिनं फोन उघडलाच नाही. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे काळी पाटी, पांढरी पाटी.

दुसऱ्या विश्रांतीत उघडला. सतरंजी रिकामी होती. भिंतीपाशी कुणी नव्हतं. एक चेंडू, एक उलटी वाटी, बस्स. हेच तर हवं होतं, तिनं स्वतःला सांगितलं. गॅलरीत असतील. ऊन चांगलं आहे. गॅलरीच्या गजांत तिचं डोकं मावतं का? नाही, मोजलंय आपण. चहा घेत असतील. चहा गरम असतो. मुंगी कप ओढते.

चार मिनिटं झाली, पाच झाली. खोलीचा आवाज येत होता, म्हणजे नुसती पंख्याची घरघर. हसण्याचा नाही, रडण्याचा नाही, सासूबाईंच्या बडबडीचा नाही.

"पाणी पी," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय."

सहा मिनिटं. आज तेवढा एकच, नुसतं आहात ना म्हणून ठेवून देऊ, असं ती मनाशी म्हणाली, आणि मनाचं म्हणून व्हायच्या आत अंगठा सासूबाईंच्या नंबरवर पडला होता.

कॅमेऱ्यातून तिला आपणच लावलेल्या फोनची घंटा ऐकू आली, आत कुठूनतरी, गॅलरीच्या बाजूने. एकदा वाजली, दोनदा. मग फरशीवर तळव्यांचा चट्‌ चट्‌ आवाज, घाईघाईचा, आणि चित्राच्या कडेतून मुंगी आत आली. एकटीच. तोंडाला काहीतरी लागलं होतं, हसतानाचं तोंड अजून पुरतं मिटलं नव्हतं. ती थेट सतरंजीच्या मधोमध गेली, बसली, हात मांडीवर ठेवले आणि वर कपाटाकडे पाहू लागली.

मागोमाग सासूबाई आल्या. हातात अर्धा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि भिंतीला पाठ लावून त्या आपल्या जागी बसल्या.

घंटा वाजतच होती. कुणी उचलत नव्हतं, आणि तिच्याच्यानं ती बंद करवत नव्हती.