अठरा नंबरचं भाषण

टाचणीला त्या खोलीचीच शिसारी यायची. संशोधन संस्थेतली ही खोली पूर्वी वाचनालय होती. आता तिथे लांबलचक टेबल, मऊ खुर्च्या आणि भिंतीवर फुसफुस करून कसलासा गोड वास सोडणारी डबी. त्या वासाखाली जुन्या कागदांचा वास अजून दबून होता, आणि दोन्ही मिळून असं काही रसायन व्हायचं की चहाचा घोटही घशाखाली उतरू नये. टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून कोणीतरी ठेवलं आणि ते चिकटलं.

तिचं काम भाषणं वाचायचं. पुढाऱ्यांची, संघटनावाल्यांची, कुठलीही. त्यांतली नावंगावं काढायची, वर नंबर टाकायचा आणि तीन प्राध्यापकांपुढे ठेवायची. प्राध्यापकांनी गुण द्यायचे. लोकानुनय अजिबात नसेल तर शून्य, थोडासा असेल तर एक, ठासून भरला असेल तर दोन. चौथे गुण टाचणीचे, कारण सगळं आधी तीच वाचते. चौघांचं जमलं की त्यावरून लोकानुनयाची व्याख्या ठरणार, व्याख्या ठरली की प्रकल्प पुढे चालणार, आणि प्रकल्प चालला की टाचणी कायम होणार. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, सासूबाईंची नोकरी सुटलेली, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तेव्हा या व्याख्येची गरज जगात कोणाला सगळ्यात जास्त असेल, तर ती टाचणीला होती.

पण व्याख्या ठरतेय कसली! अर्थशास्त्रवाले म्हणत, तिजोरीत नाही ते वाटू म्हणणं म्हणजे लोकानुनय, बाकी सगळा शब्दांचा फुलोरा. राज्यशास्त्रवाल्या बाई म्हणत, पैशाचा संबंधच काय. भोळी जनता एकीकडे आणि मूठभर बदमाश दुसरीकडे अशी वाटणी केली की झालं. समाजशास्त्रवाले म्हणत, बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्यांकडे बघा. अपमान गिळून बसलेल्यांना ‘तुमचा सूड मी घेतो’ म्हणणं, हे त्याचं मर्म. एकाच भाषणाला इकडून दोन आणि तिकडून शून्य. गोष्टीतल्या आंधळ्यांपुढे हत्ती निदान एकच होता; इथे प्रत्येकाने आपापला हत्ती घरून आणला होता.

बरं, भांडावं की. भांडायचाच त्यांना पगार मिळतो. पण अर्थशास्त्रवाले बोलता बोलता गुणपत्रिकेच्या कोपऱ्याने दात कोरत आणि तोच कागद टाचणीच्या हातात देत. समाजशास्त्रवाले चहात बिस्किट बुडवून विसरत, मग तळाचा गाळ बोटाने काढून चाटत. बाई दुसऱ्याचं बोलणं सुरू झालं की नखं घासायला घेत, आणि ती पांढरी भुकटी भाषणांवर पडे. टाचणी ती फुंकून टाकायची आणि पुढचा नंबर वाचायची.

अशात एकदा संचालकांनी तिला बोलावलं. संचालक म्हणजे गुळगुळीत माणूस. बोलताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायचे, आणि त्यांचे तळवे कायम ओलसर. त्यांनी तिला टाईप केलेली दोन पानं दिली. मोजपट्टीला शून्य कुठे आहे ते आधी कळायला हवं, म्हणून हा जबाबदार नेतृत्वाचा नमुना, असं म्हणाले. नावं त्यांनी स्वतःच काढली होती. याला चौघांकडून शून्य येईल आणि मग या विद्वानांना बाकीचंही मोजता येईल, अशी त्यांची खात्री होती.

टाचणीने जागेवर येऊन पहिली ओळ वाचली आणि भाषण कोणाचं ते तिला लगेच कळलं. ‘ही जागा खरी कोणाची? तुमची. घाम गाळणाऱ्यांची. पण काही मूठभर माणसं कमरेला चाव्या लावून तुमच्याच ज्ञानावर नागासारखी बसली आहेत. त्या चाव्या मी तुमच्या हातात देईन.’

संस्थेच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत संचालकांनी ठोकलेलं हे भाषण. टाचणी तेव्हा नवीन होती, मागे उभी होती. दुसऱ्या रांगेत तिच्या सासूबाई होत्या, संस्थेच्या ग्रंथपाल. कमरेला चाव्यांचा जुडगा, कारण दुर्मिळ पुस्तकांची पानं फाडून नेणारे काही बाहेरचे नव्हते, संस्थेतलेच होते. चाव्यांचं वाक्य आलं आणि अख्खं सभागृह मान वळवून त्या एका बाईकडे बघायला लागलं. टाळ्या तर अशा, की छप्पर उडावं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची खुर्ची बाहेरच्या बोळात उलटी पडलेली होती आणि खणात कोणीतरी उष्टं ओतलं होतं. ज्यांना ते नवखे असताना त्यांनी घरी बसवून शिकवलं होतं, तेच आता त्यांना बघून रस्ता बदलत. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. पुस्तकं पोत्यांत भरून तळघरात गेली. चाव्या कोणाच्याच हातात आल्या नाहीत, आली ती ही खोली आणि ही वासाची डबी.

आणि हा माणूस तेच भाषण शून्याचा नमुना म्हणून देतो, आणि मनापासून देतो! संचालक खोटारडे असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने भाषणावर अठरा नंबर टाकला आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

तिन्ही प्राध्यापक त्या दिवशी सभागृहात होते. पण टाळ्या वाजवायला ऐकावं लागत नाही; नव्या कार्यकारिणीत आपली खुर्ची कुठे येते, तेवढंच जो तो बघत होता. त्यामुळे अठरा नंबर वाचताना कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. अर्थशास्त्रवाले म्हणाले, जे देता येणार नाही ते देतो म्हणतोय, दोन. बाई म्हणाल्या, मूठभर आणि तुम्ही, पुस्तकातलं उदाहरण, दोन. समाजशास्त्रवाले तर भारावले. साध्या माणसाच्या मनातली ठसठस कशी अचूक हेरली आहे बघा, म्हणाले, आणि दोन. तिघं एकमेकांकडे बघतच राहिले. बाईंनी चक्क बिस्किटांची बशी अर्थशास्त्रवाल्यांपुढे सरकवली.

टाचणी आपले गुण लिहिणार, तोच संचालक आत आले. टेबलावर आपली दोन पानं दिसताच अठरा नंबर उघडा म्हणाले, सगळ्यांदेखत. टाचणीने आधी तिघांचे गुण वाचले आणि मग संचालकांचं नाव सांगितलं.

डबी फुसफुसली, तेवढाच काय तो आवाज. संचालकांचा चेहरा पडला नाही, ते दुखावले. हो, खरोखर दुखावले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग म्हणाले, माझा काही आक्षेप नाही, शास्त्र ते शास्त्र. फक्त व्याख्या एकदा तपासून घ्या.

आणि मग जे झालं ते बघून टाचणीला वाटलं, उठून बाहेर जावं आणि ओकून यावं. अर्थशास्त्रवाले म्हणाले, तसं पाहिलं तर चाव्या द्यायला खर्च येत नाही. तिजोरीवर बोजा नाही तिथे लोकानुनय कसला, शून्य. समाजशास्त्रवाले म्हणाले, श्रोते सुशिक्षित होते हे आपण लक्षातच घेतलं नाही, शून्य. बाईंना जरा वेळ लागला. त्यांनी नखं घासायची कानस पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, “मूठभर माणसं खरोखरच तशी असतील, तर त्याला लोकानुनय म्हणत नाहीत. त्याला माहिती म्हणतात.”

ती मूठभर माणसं म्हणजे एक बाई होती, आणि ती आत्ता टाचणीच्या घरी भाजी निवडत बसली असेल. कोणी टाचणीकडे बघितलं नाही. इतके दिवस न ठरलेली व्याख्या चहा निवायच्या आत ठरली, वर एक कलम जोडलं गेलं, की वस्तुस्थितीवर आधारलेलं आवाहन यात धरू नये. वस्तुस्थिती कोणी ठरवायची, ते लिहायला जागा उरली नव्हती.

राहिले टाचणीचे गुण. संचालक तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात त्यांनी आपल्या ओल्या हातांत घेतला. म्हणाले, “हे विद्वान लोक काहीही म्हणोत. खरं काम करणारे तुम्ही. तुम्ही सांगाल तेच धरू.”

तिला कळलं की हे अठरा नंबरचंच भाषण चालू आहे, फक्त या खेपेला सभागृहात ती एकटीच आहे. कायम करण्याचा कागद संचालकांच्या टेबलावर सहीला पडला होता, हेही तिला माहीत होतं. दोन म्हणावं, तर घर कसं चालायचं? शून्य म्हणावं, तर तोंड कसं दाखवायचं? तिने हात सोडवून घेतला.

“एक,” ती म्हणाली.

संचालक हसले. एकाची काही हरकत नाही म्हणाले, उलट मतभेद दिसले की काम खरं वाटतं. त्यांनी त्याच दिवशी सही केली.

घरी येऊन टाचणीने साबण लावून लावून हात धुतले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. चाव्या जाऊन इतके दिवस झाले, तरी उठताबसता त्यांचा हात कमरेशी जायचा. अगं पोरी, आज उशीर का, असं त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि टाचणीने काही न लपवता सगळं सांगितलं. कायम झाल्याचंही सांगितलं. नवरा खुश होऊन शेजारी सांगायला गेला.

सासूबाईंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, “शून्य दिलं असतंस, तर म्हटलं असतं, पोर घाबरली. भीती मला कळते. पण एक म्हणजे तू हिशोब केलास.”

टाचणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घर, पगार, नवरा, सगळी कारणं तयार होती आणि सगळी खरी होती. पण ती जिभेवर आली तेव्हा तिला ती त्या तिघांच्या कारणांसारखी लागली, आणि तिने ती गिळली.

सासूबाईंनी ताट मांडलं, बाजूला पाणी ठेवलं. सून म्हणून घरात आल्यापासून त्या तिला अगं-तुगंच करत आल्या होत्या.

“वाढून घ्या तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत गेल्या.