नयनाचा पहिला नंबर

चंदीगडच्या मराठी मंडळात शालिनी फाटकांना सगळे जरा बिचकूनच असत. बाई हसतमुख, पण समोर आलेल्या माणसाला "मग, यंदा काय करायचं ठरवलंय?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नसत. नवरा मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक, स्वतः सरकारी शाळेत शिक्षिका, आणि दर रविवारी मंडळातल्या मुलांचा वर्ग. मुलांना मराठी कळायची, उत्तरं हिंदीत यायची. बाईंनी त्यावर फारसं डोकं शिणवलं नाही. त्यांना मुलांची आयुष्यं घडवायची होती, आणि त्या कामापुढे भाषा म्हणजे किरकोळ बाब.

त्यासाठी त्यांनी एक प्रथा काढली. गणेशोत्सवात प्रत्येक मुलाने स्टेजवर यायचं, वर्षभरात काय मिळवणार ते मोठ्याने सांगायचं आणि गणपतीपुढच्या पितळी डब्यात एक सुपारी ठेवायची. पुढच्या वर्षी ते साधलं असेल तर सगळ्यांदेखत सुपारी उचलून घ्यायची; नसेल तर ती डब्यातच राहायची. कुणी कुणाला रागवायचं नाही, असा नियम होता. रागवत कुणी नसेच. फक्त ज्यांची सुपारी डब्यात राही, त्यांच्या आया त्या संध्याकाळी लवकर घरी जात.

बहात्तर सालच्या गणपतीत विश्राम खैरेंची नयना स्टेजवर आली. खैरे केंद्र सरकारच्या ऑफिसात, मूळचे अमरावतीचे, बदलीवर इकडे आलेले. मुलगी सातवीत, दोन वेण्या, आवाज बारीक.

"मुझे साइकिल सीखनी है," ती म्हणाली. "अकेली सुखना लेक तक जाऊँगी."

हॉलमध्ये हशा पिकला. शालिनीताईही हसल्या. "अगं, याला का ध्येय म्हणतात? हे तर दिवाळीच्या सुट्टीत होईल. काहीतरी मोठं सांग, बाबांची मान ताठ होईल असं."

नयनाने बाबांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "क्लास में फर्स्ट आऊँगी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खैरेंची मान तिथल्या तिथेच ताठ झाली.

मग वर्षभर शालिनीताई तिच्या मागे लागल्या. मोठ्या ध्येयाचे तुकडे कसे पाडायचे, कुठल्या महिन्यात काय संपवायचं, सगळं त्यांनी शिकवलं. नयना मान डोलवायची. मे महिन्यात तिने रविवारच्या वर्गात हळूच सांगितलं, "फर्स्ट आई." तिच्या शाळेत प्रगतिपत्रकावर नुसते गुण असत, नंबर वर्गशिक्षिका तोंडी सांगत, त्यामुळे घरी कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गुण बरे होते. खैरेंनी क्वार्टर्सच्या सगळ्या रांगेत पेढे वाटले.

ऑगस्टच्या शेवटी शिक्षकांच्या एका शिबिरात शालिनीताईंची गाठ नयनाच्या वर्गशिक्षिकेशी, हरभजन कौरशी पडली. त्यांनी मोठ्या कौतुकाने विषय काढला.

"नयना? फर्स्ट?" हरभजन म्हणाली. "नहीं जी, नौवीं-दसवीं होगी. अच्छी बच्ची है, पर इस साल पता नहीं क्यों, पेपर हाथ में लेते ही काँपती थी."

शालिनीताईंच्या हातातला चहा तसाच निवला.

त्याच संध्याकाळी खैरेंकडे जायचं, पोरीला बाजूला घेऊन बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. इतरांना ठरवायला शिकवणाऱ्या बाई त्या, पण गेल्या नाहीत. आधी घरी पाहुणे आले, मग सजावटीचं काम निघालं, मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की मुलगी शहाणी आहे, ती सुपारीला हातच लावणार नाही. खरं कारण वेगळंच होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंदा शिक्षण खात्यातले एक मोठे अधिकारी कार्यक्रमाला येणार होते. ही पद्धत शाळांमधून सुरू करता येईल का, ते पाहायला. आणि बाईंनी त्यांना नयनाची गोष्ट आधीच रंगवून सांगितली होती.

कार्यक्रमात नयनाचं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं. ती डब्यापाशी आली आणि थांबली. हात पुढे होईना. तिने शालिनीताईंकडे पाहिलं. नुसती भुवई वर झाली असती, डोळ्यांनी "नको" म्हटलं असतं, तरी पोर सुटली असती. पहिल्या रांगेत अधिकारी पुढे झुकून बसले होते.

शालिनीताई हसल्या आणि त्यांनी मान हलवली. घे.

नयनाने सुपारी उचलली. "कमाल है, मैडम," अधिकारी उठून म्हणाले. खैरेंचे डोळे भरून आले होते.

पुढचे दिवस शालिनीताईंना अन्न गोड लागेना. दातात काही अडकलं की जीभ सारखी तिथेच जाते, तसं त्यांचं मन त्या एका क्षणाकडे जाई. पोरीने एक साधी गोष्ट मागितली होती. सायकल येते की नाही ते कळतं, तळं आलं की आलं. ध्येय असंच असावं, असं त्या स्वतःच शाळेत फळ्यावर लिहून देत. आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं, तिच्या गळ्यात दुसऱ्यांच्या हौसेचं ओझं बांधलं, आणि ती वाकली तेव्हा खोटं बोलायला मान हलवून परवानगी दिली. आपण त्या मुलीचं वाईट केलं, हे त्या स्वतःशी स्पष्ट म्हणाल्या. विसर्जन झाल्यावर त्या सेक्टर बावीसमधल्या खैरेंच्या क्वार्टरकडे निघाल्या. "खैरे, ती पहिली आलेली नाही आणि मला ते माहीत होतं," हे वाक्य त्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा घोकलं.

दार शशिकलाने, नयनाच्या आईने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"या वहिनी, बरं झालं आलात," खैरे म्हणाले. "हिला जरा समजवा. अमरावतीची बदली आली. किती वर्षं मागत होतो आम्ही! पण मी नकार कळवतोय सोमवारी. इथे पोरगी पहिली येते, तिला मधेच कसं उचलायचं? तुमच्यासारख्या बाई तिकडे कुठे मिळणार?"

"माझी आई अंथरुणाला खिळलीय," शशिकला म्हणाली.

नयना पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"बाबा, मैं फर्स्ट नहीं आई. झूठ बोला था."

मग खैरे उठले. मारतात की काय असं शालिनीताईंना वाटलं, पण त्यांचा आवाज नुसता थरथरत होता. "आणि या वहिनी? वर्षभर तुझ्यासाठी जीव टाकला यांनी. यांनाही फसवलंस? एवढ्या लोकांसमोर? माझं राहू दे, आधी यांची माफी माग."

घोकलेलं वाक्य शालिनीताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. नयना वाकली, त्यांच्या पायांवर तिने डोकं ठेवलं.

"सॉरी काकू," ती हुंदके देत म्हणाली. "आपको मालूम होता तो आप मुझे रोक लेतीं. पक्का रोक लेतीं."

महिन्याभरात ही माणसं अमरावतीला जातील, शालिनीताईंच्या मनात आलं. मग कुणी काही विचारणार नाही. या विचाराची त्यांना लाज वाटली. तरीही तो विचार गेला नाही.

खैरे त्यांच्याकडे बघत होते. शशिकला बघत होती. पायांवर पोरीचे अश्रू पडत होते.

शालिनीताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे, बाळा," त्या म्हणाल्या. "मी तुला माफ केलं."