पेन्शन इकायला काढली

आमचं मालक सरकारी दवाखान्यात कंपौंडर हुतं. नाव यल्लाप्पा, पन नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवं न्हाय, मी मालकच म्हनतो. म्हनतो म्हनलं म्हनून हसू नगा, आमच्या कोल्हापूरकडं बायका बी आलो-गेलोच म्हनत्यात. अख्ख्या गडमुडशिंगीला ह्या मानसानं खोकल्याचं औषध पाजलं, पन घरात आला की तोंडात मिठाची गुळनी.

सत्त्यान्नव साली अठ्ठावन्न पुरी हून रिटायर व्हायला आलं, तवा एक दिस च्या पिता पिता बशीकडं बघत म्हनालं, "अंजना, पेन्शनीचा तिसरा हिस्सा इकावा म्हनतोय."

मी भाकरी थापत हुतो. म्हनलं, "इकायला ती काय म्हस हाय?"

"अगं, आपिसात असंच म्हनत्यात. तिसरा हिस्सा सरकारला द्यायचा, सरकार त्याची रक्कम एकदम हातात देतंय. म्हैन्याची पेन्शन तेवढी कमी हुती. पंधरा वर्सांनी हिस्सा माघारी."

"नि एवढी रक्कम घिऊन करायचं काय?"

"पत्रं काढून स्लॅब टाकू. घर तुझ्या नावावर करू."

आता बत्तीस वर्सांत ज्यानं मला साडीचा रंग कवा इच्यारला न्हाय, त्यो मानूस घर नावावर करायला निघाला. मला आनंद झाला, न्हाय म्हनत न्हाय. पन कुटंतरी पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिशी नळावर शेजारच्या शालूबाईला मी बोलून गेलो, "आमचं मालक पेन्शन इकनार हाईत." शालूबाईच्या कानात पडलं म्हंजी गावात दवंडी पिटली. त्यात तिचा दादला हंबीरराव जनावरांचा दलाल. मुरगूडच्या बाजारापातूर त्याचं नाव. सांच्याला टॉवेल झटकत दारात हजर!

"जयभीम, कंपौंडर. राग आलाय बगा मला."

"का वो?" मालक म्हनालं.

"भिंतीला भिंत लागून हाय आपली. कायबी इकायला काढलं तर पयला हक्क शेजाऱ्याचा. गावाची रीत हाय न्हवं? मी रोख देतो. बोला."

"अवो हंबीरराव, ती पेन्शन हाय, सरकारच..."

"सरकार भाव पाडून घेतंय. मी घेतो."

मालक मिशीत हसलं. लई दिसांनी हसलं. त्याला समजवायचं सोडून म्हनालं, "बरं, बगा तर माल."

मी चुलीपुढनं कान दिऊन बसलो.

"म्हैन्याला किती येनार त्ये कळलं," हंबीरराव म्हनाला, "पन कवापातूर येनार?"

"मी हाय तवर."

"अस्सं!" त्यो उठला. मालकाच्या भवतीनं एक फेरा मारला. "जरा चालून दावा."

आमचा येडा खरंच दारापातूर चालून आला की!

"दात?"

मालकानं आ केला. "आर्र, दाढ गेलीया," हंबीररावानं मान हलवली. मी तोंडाला पदर लावला, हसून हसून पीठ सांडलं माझं.

"आता घरान्याचं सांगा. बा किती जगला?"

"साठी बघितली न्हाय."

"थोरला भाऊ?"

"त्यानं बी न्हाय. छातीत कळ आली नि बसल्या जागी गेला."

"मग तुमचं?"

"माझं बी तसंच धरा की," मालक म्हनालं.

हसतच म्हनालं. पन माझं हसू तितंच थांबलं. जलमभर दुसऱ्याच्या दुखन्याचा अंदाज बांधल्याला मानूस त्यो, ह्ये असलं थट्टेत बोलनार न्हाय. स्लॅब कशापाय, घर माझ्या नावावर कशापाय, सगळं एका दमात डोक्यात शिरलं. ह्यो मानूस आपल्या जायची तयारी करत हुता, नि मला पत्ता न्हाय!

तवर हंबीररावानं हातावर टॉवेल टाकला नि आतनं मालकाची बोटं दाबली. बाजारात दर तसाच ठरतोय.

"किती म्हनतोय?" मी वरडलो.

"दोन वर्सांचं धरलंय," मालक म्हनालं.

मी पिठाच्या हातानंच उठलो. "दोन वर्सं? माझ्या मानसाला? काडा त्यो टॉवेल! अवो, ह्यांचा बा नि भाऊ गेलं त्ये दवाखान्याचं तोंड न बघता. ह्ये तर दवाखान्यातच नांदल्यात! अजून सायकलनं कोल्हापूर गाठत्यात. ऐंशी वर्सं जगतोय त्यो!"

"बरं वैनी, पाच वर्सांचं धरू."

"पंधरा!"

"आठ."

"पंधराच्या वर बोला, न्हायतर उठा!"

हंबीररावानं टॉवेल खांद्यावर टाकला नि माझ्याकडं बघत ऱ्हायला. "वैनी, एवढी खात्री हाय, तर इकताय कशाला वो? चांगल्या चालीचा बैल मी तरी दावनीतनं सोडला नसता."

नि गेला. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, पन मी जागची हाललो न्हाय.

मग मालकच बोललं. "मी गेलो तर तुला पेन्शन थोडकीच मिळंल गं. वर पत्रा. पावसाळ्यात गळतोय."

"गळू दे. स्लॅबाखाली एकटीनं बसून मी काय करू? भ्या वाटतंय मला. तुम्ही सोताच सोताचा दर पाडून बसलायसा, मग मी कुनाच्या जिवावर जगायचं?"

मला रडू आवरंना. मालकानं माझ्या हाताचं पीठ आपल्या धोतरानं पुसलं. "गप. न्हाय इकत," म्हनालं. "सगळी हाय तशी ठेवतो."

रिटायर झाल्यावर पयला नोव्हेंबर आला. मानूस जिता हाय म्हनून पेन्शनवाल्यानं दरसाल बँकेत दाखला द्यायचा असतोय, त्याला हयातीचा दाखला म्हनत्यात. मी बी संगट गेलो. खिडकीतल्या सायबानं मान वर न करताच इच्यारलं, "यल्लाप्पा. हयात?"

मालक चष्मा चाचपत हुतं. माझ्याच्यानं धीर धरवंना. "हाय की!" मी मागनं वरडलो.

"बाई, त्यांचं त्यांना बोलू द्या," सायेब म्हनाला.

मालकानं चष्मा डोळ्यावर चढवला, ताठ उभं ऱ्हायलं, नि अख्खी बँक वळून बघंल एवढ्या मोठ्यांदा म्हनालं, "हाय की!"