खालच्या ओळीत सातवा

लोकशाहीत प्रत्येक माणसाला त्याचं स्थान असतं. सोपान म्हेत्रे याचं स्थान खालच्या ओळीत डावीकडून सातवं होतं, आणि बारामतीतल्या केकच्या दुकानात स्वराली ते नखानं प्लास्टिकवरून सोडवत होती.

"हलू नका, काका. वाऱ्यानंसुद्धा फाटतो हा फोटोचा कागद."

सोपाननं श्वास रोखला. टेबलावर तीन फूट लांबीचा पांढरा केक होता, ताज्या सारवलेल्या ओट्याइतका सपाट. मधोमध कळसच्या दूध संस्थेचे चेअरमन नीळकंठतात्या हात जोडून हसत होते. त्यांच्याखाली आठ शुभेच्छुकांची ओळ यायची होती. सहा येऊन बसले होते. गावच्या चौकातल्या फ्लेक्सवरचंच हे चित्र होतं. फक्त हा फ्लेक्स संध्याकाळी खायचा होता.

"पोरी, मला ओळीत नगं लावू," सोपान म्हणाला. "हितं लाव. ह्या कोपऱ्यात. एकट्याला."

"ओळीत गॅप दिसेल."

"दिसू दे की. तात्या उभं राहत्यात ती बाजू हाय ही. पेपरवाला फोटो काढतो तवा हाच कोपरा फुडं येतो."

बावीस वर्षं फ्लेक्सवर राहिलेल्या माणसाला एवढं कळतंच. या बावीस वर्षांत सोपाननं तात्यांच्या प्रत्येक वाढदिवसाचा मांडव बांधला होता, खुर्च्या मोजून घेतल्या होत्या आणि मोजून परत दिल्या होत्या. फोटोही पहिल्यापासून तोच होता. त्यातली मिशी काळी होती.

स्वरालीनं क्रीमवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला. कागद दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिनं तो कोपऱ्यात टेकवला आणि मधून कडेकडे बोटानं दाबत हवा बाहेर काढली. सोपानच्या गालावर एक बुडबुडा राहिला होता. तो तिनं टाचणीनं फोडला. सोपाननं नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"हे खात्यात व्हय?"

"खातात की. तांदळाचा असतो. चव मात्र काही नसते."

संस्थेच्या दुधाच्या गाडीत मागं केकजवळ बसून सोपान कळसला आला. सगळा रस्ता दोन्ही हातांनी खोका धरून होता. गाडी आधी त्याच्याच दारात थांबली. शकुबाईनं खोक्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

"मिशी चांगली निघालीय," ती नवऱ्याला म्हणाली. "फोटो झाला. आता हार तेवढा ऱ्हायला."

"आज नाव निघणार हाय, शकू. तात्या सोता वाचणार हायत."

"दसऱ्याला बघू म्हणालं, तेच ना?"

"तेच."

संस्थेचे संचालक तेरा. बारा नावं जुनीच राहणार, हे गावातल्या गाईंनाही ठाऊक होतं. तेरावी जागा म्हस्कूआबा वारल्यानं रिकामी होती. दसऱ्याला सोनं देताना सोपाननं त्या जागेचा विषय काढला, तेव्हा तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि 'बघू' म्हटलं होतं. सोपाननं तो शब्द चार महिने जपून वापरला होता.

"तात्यांकडनं चावी भरून घ्या मग," शकुबाई म्हणाली. "ती खेळणी न्हाईत का, चावी दिली की पळत्यात तशी." आणि तिनं झाकण मात्र नीट, कुणाच्या मिशीला लागणार नाही असं बसवलं.

संध्याकाळी मांडव भरला. तात्यांचा पुतण्या शंभूराज माईकवर होता.

"तात्यांच्या चेहऱ्याला सुरी लागता कामा न्हाय बरं का! चेहरा अख्खा काढून घरी न्यायचाय."

ही दरवर्षीची पद्धत. साहेबांच्या तोंडावर सुरी कोण चालवणार? म्हणून कापायची सुरुवात कडेनं व्हायची. तात्या उभे राहत त्या बाजूच्या, त्यांच्या उजव्या हाताला येणाऱ्या कोपऱ्यातनं.

बावीस वर्षं सोपान हे पाहत आला होता. आज सकाळी मात्र त्याला त्यातला फक्त फोटो आठवला होता.

सुरी त्याच्या कानामागून खाली आली, वळली, हनुवटीखालून गेली. पेपरवाल्यानं फोटो काढला. चौकोनी तुकडा बाहेर आला तो अख्खा सोपान होता. तात्यांनी तो हातात घेऊन चष्म्याखालून पाहिला.

"ह्यो कोण रं?"

शंभूराज वाकला. "आपल्यातलाच असंल कुणीतरी, तात्या."

सोपान तात्यांच्या कोपराशी खोक्याचं झाकण धरून उभा होता.

"मी हाय, तात्या."

"हां," तात्या म्हणाले. त्यांनी एकदा तुकड्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मला साखर हाय, बाबा. तूच खा." आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

मग तात्यांनी खिशातून यादी काढली. कागद घड्यांवर मऊ पडून फाटायला आला होता. बरेच दिवस खिशात असावा. तात्या एकेक नाव वाचत गेले आणि लोक टाळ्या वाजवत गेले. बारा झाली. सोपाननं झाकण खाली ठेवलं आणि मोकळ्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"तेरावं नाव. आमच्या सूनबाई, राजलक्ष्मी."

सूनबाई पुण्याला राहत. त्यांच्या घरी दूध पिशवीचं येई. पण संस्थेच्या दप्तरात त्यांच्या नावावर चार गाई होत्या, त्यामुळे कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

मांडवात टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतून शकुबाई नवऱ्याकडे पाहत होती. तीही वाजवत होती, सावकाश. शंभूराजनं सोपानकडे पाहून भुवया उडवल्या. वाजवायला हवं होतं, पण सोपानचा एक हात मोकळा नव्हता. आजूबाजूला तुकडा ठेवायला जागा दिसेना. म्हणून त्यानं तो अख्खा तोंडात घातला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

क्रीम गोड होतं. कागदाला चव नव्हती.