अर्ध्यावरची चकती

तबेल्यात बाबांना ‘अर्धे’ म्हणत. अर्धे आले, अर्ध्यांना विचारा. चार वर्षांपूर्वी तीन शिंगरं मेली, तेव्हा हे नाव पडलं. महिन्यापूर्वी बाबा गेले, तर भेटायला आलेल्या मोतद्दारांच्या तोंडीही तेच होतं.

जंताचं औषध सिरिंजमध्ये येतं. दांड्यावरची चकती फिरवून आकड्यावर अडकवायची. तेवढंच औषध शिंगराच्या तोंडात जातं. त्या तिघांची पोटं सुटली होती, खोकलाही होता. आत जंत फार आहेत हे ओळखून बाबांनी चकती अर्ध्यावर ठेवली. बाबांची पाठ वळताच मॅनेजरकाकांनी ती शेवटाला नेली. सगळे जंत एकदम मेले, त्यांचा गोळा आतड्यात अडकला. मालकीणबाईंना काकांनी सांगितलं, “यानं अर्धंच औषध दिलं. जंत उरले, त्यांनीच घात केला.” बाबांनी एकदा खरं काय ते सांगितलं. बाईंना पटलं नाही. मग बाबा लीद उचलायच्या कामावर गेले आणि त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. गेल्या आठवड्यात तबेल्याचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि बाईंनी मला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं.

बाईंच्या लाडक्या घोडीचं पाच महिन्यांचं तांबडं शिंगरू होतं. पोट नगाऱ्यासारखं, केस राठ. याला काही झालं तर तुम्ही घरी बसा, असं बाईंनी काकांना आधीच बजावलं होतं.

“ये बाळ,” काका म्हणाले. “बापाची लेक शोभतेस. बोलतेससुद्धा अर्धंच.”

मोतद्दार हसले. मी लीद सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. काचेवर जिकडे पाहावं तिकडे जंतांची अंडी होती.

“पूर्ण डोस,” मी म्हणाले. चकती शेवटाला फिरवली आणि सिरिंज काकांना दिली. “आत्ताच. तुम्हीच द्या.”

काकांनी सिरिंज पाहिली, मग शिंगराचं पोट.

“आज अर्धाच देऊ या की.”

“का? अर्ध्यानं तर तीन मेली होती ना, काका?”

“तिचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “द्या.”

काकांनी शिंगराचा ओठ उचलला. सिरिंज तिथवर गेली आणि थांबली.

“बाई, याच्यात जंत फार आहेत. सगळे एकदम मेले तर आतडं तुंबतं. पुन्हा तसंच व्हायचं.”

“पुन्हा?” बाई म्हणाल्या.

शिंगरू खोकलं. काका चकतीकडे बघत राहिले. बाईही तिकडेच बघत होत्या.

“त्या वेळी ती शेवटाला कुणी नेली होती?” बाईंनी विचारलं.

काकांनी सिरिंज खाली घेतली.

“औषधांच्या कपाटाची किल्ली इकडे द्या,” बाई म्हणाल्या. “आणि उद्यापासून येऊ नका.”

मी सिरिंज घेतली, चकती अर्ध्यावर आणली आणि औषध दिलं. मोतद्दारांपैकी कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी लिदीत पांढरे जंत वळवळत पडले होते आणि शिंगरू दूध पीत होतं.

पण औषध दिलं त्या दिवशी निघताना फाटकापाशी बाईंनी विचारलं होतं, “त्यांनी दिलाच असता पूर्ण डोस, तर?”

“मी हात धरला असता,” मी म्हणाले.

घरी आल्यावर मी कोट खुंटीला लावला. तेव्हा आठवलं. सिरिंज शिंगराच्या ओठाशी गेली, त्या वेळी माझे दोन्ही हात या कोटाच्या खिशात होते.