पाण्याच्या बशीतला डाग

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी काचेची बशी. तळहाताएवढी आहे, स्वच्छही दिसते. या दिसण्याचीच मला लाज वाटते.

बटाट्याच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक किडे, तुम्हाला साध्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. त्यांची अंडी मातीत वर्षानुवर्षं निजून असतात. मुळांचा रस पाझरला की ती फुटतात, आणि अळ्या मुळांत शिरून पीक खातात. इथे संशोधन करणाऱ्या आमच्या ताईने त्या रसासारखंच काम करणारं रसायन तयार केलं. ते रिकाम्या शेतात टाकायचं. अंडी फुटावीत, पण खायला मूळ नसावं, म्हणजे अळ्या उपाशी मरतील. ताईची सगळी उमेद या रसायनावर होती.

एकदा सुईने अंडी सोडवताना माझ्या तळाला ओरखडा गेला. त्याच दिवशी बश्या कमी पडल्या, म्हणून ताईने रसायन माझ्यात ओतलं. मग नळाखाली वरवर धुऊन मला पालथं घातलं. पुढच्या चाचणीत बाकीच्या बश्यांत रसायन होतं, आणि तुलनेसाठीचं साधं पाणी एकट्या माझ्या वाट्याला आलं. पाण्यात अंडी निजून राहायला हवी होती. माझ्यात ती भराभर फुटली.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाल्या, "अगं, तुझं औषध आणि नळाचं पाणी सारखंच की! मग शेतकऱ्यांना नळच देऊ या." आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. "हे काम आता थांबव. टेबल मोकळं कर."

मला काच असून तोंड लपवावंसं वाटलं.

टेबल आवरण्याआधी ताईने सगळ्या बश्यांत नुसतं पाणी घालून अंडी ठेवली. बाकीच्यांत ती निजून राहिली. माझ्यात पुन्हा फुटली. ताईने नखाने ओरखडा चाचपला आणि मला घेऊन तडक बाईंकडे गेली.

"म्हणजे बशी घाण होती, आणि आम्ही औषधाला नावं ठेवली!" बाई म्हणाल्या.

"बशीला बोलू नका, बाई. हात माझाच वरवर फिरला."

बाईंनी मला उजेडात धरून ओरखडा पाहिला. "पण ओरखड्यात राहिलेलं औषध असं कितीसं असणार गं? आणि तेवढ्यानं एवढी अंडी फुटली?" मग हळूच म्हणाल्या, "टेबल राहू दे."

तेव्हापासून माझं फार कौतुक होतं. "हिच्यामुळे औषधाची ताकद कळली," म्हणत पाहुण्यांना दाखवतात. ताईसुद्धा दोन्ही हातांनी उचलते. मी मनोमन तिची क्षमा मागते. ही शाबासकी माझ्या मळाची आहे, आणि त्या मळापायी तिने सगळ्यांचं हसू सोसलं.

म्हणून बाळांनो, भांडं कितीही चकचकीत दिसलं, तरी बोट फिरवून, सावकाश, मन लावून धुवा. 'थांबा, मी अजून स्वच्छ नाही,' एवढं सांगायला आम्हाला तोंड नसतं.